शिकागोला जाताय? आधी बोटीत बसा, बाकीचं मागाहून

सरळ मुद्द्यावर येतो. शिकागोत फिरायला एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर ते नदीतल्या आर्किटेक्चर बोटीवर घाला, बाकी शहर जवळजवळ फुकटात बघून होतं. तिकडून आल्यापासून मी हे भेटेल त्याला सांगतोय, कारण गोव्यातून हल्ली दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी मुलाकडे नाहीतर बहिणीकडे अमेरिकेत जाऊन येतं आणि सगळ्यांचे फोटो तेच ते, बीन नावाच्या त्या चकचकीत शिल्पासमोर उभे, उंच बिल्डिंगच्या काचेत उभे, पिझ्झाचं चीज ओढताना, आणि शहर कसं काय वाटलं विचारलं तर "मस्त, मोठ्ठं" यापलीकडे गाडी जात नाही. चूक त्यांची नाही. शहर दाखवणारा माणूस भेटला नाही तर बिल्डिंग म्हणजे नुसती बिल्डिंगच.

तर ही बोट. शिकागो आर्किटेक्चर सेंटर म्हणून एक संस्था आहे, १९६६ पासूनची, ग्लेसनर हाउस नावाचं एक जुनं घर पाडायला निघाले होते ते वाचवायला काही लोक पुढे आले त्यातून ती उभी राहिली. टूर त्यांची आणि बोटी 'फर्स्ट लेडी' वाल्यांच्या. दीड तासाची फेरी, नदीला तीन फाटे आहेत ते तिन्ही दाखवतात. तिकीट तारखेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतं, पण माणशी पन्नास डॉलरच्या आसपास किंवा थोडं वर धरूनच चाला. हो, मलाही आकडा बघून पोटात गोळा आला होता, रुपयात गुणाकार करायची खोड काही जात नाही, आणि तिकडेच राहणारी माझी ताई म्हणाली "गुणाकार केलास तर तू इथे पाणीसुद्धा पिणार नाहीस, गप बुक कर."

पैसे कशाचे आहेत तर बोलणाऱ्या माणसाचे. म्हणजे गंमत अशी की त्या माणसाला त्यातले पैसे मिळतच नाहीत, बोटीवर माहिती सांगणारे सगळे व्हॉलंटियर असतात, डोसेंट म्हणतात त्यांना, रीतसर ट्रेनिंग घेऊन आलेले आणि शहरावर मनापासून जीव असलेले. आमच्या बोटीवर साठीपुढच्या एक बाई होत्या, डोक्यावर टोपी, हातात माईक, दीड तास उभ्या राहून बोलल्या, हातात कागद नाही, रेकॉर्ड केलेली टेप नाही, मधेच कोणीतरी प्रश्न विचारला तर त्यालाही उत्तर, आणि विनोद असे की समजायला दोन सेकंद लागायचे. स्पीड मात्र जबरदस्त, आणि सगळं इंग्लिशमधून. सोबत आईवडील असतील आणि त्यांना इतकं फास्ट इंग्लिश झेपत नसेल तर तुम्हालाच शेजारी बसून सांगत राहावं लागणार. मी आईला कोकणीतून सांगत होतो, मागच्या रांगेतल्या एकानेही तोंड वाकडं केलं नाही.

आता सांगितलं काय, तर हे सगळं इथे लिहिणार नाही, तुमची मजा जाईल, पण थोडं सांगतो.

१८७१ च्या ऑक्टोबरमध्ये शहराला आग लागली, लाकडी घरं, लाकडी फुटपाथ, कोरडी हवा, सतरा हजारांवर बिल्डिंगा गेल्या आणि लाखभर माणसं उघड्यावर आली. त्या राखेवर नवीन शहर बांधायचं म्हणून देशभरचे आर्किटेक्ट तिकडे धावले, जमीन महाग, लिफ्टची सोय झालेली, आणि १८८५ मध्ये लोखंडी सांगाड्यावर उभी दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग झाली, तिला जगातली पहिली गगनचुंबी म्हणतात. आज ती नाही, १९३१ मध्ये पाडली. बाईंनी हे सांगितलं तेव्हा अख्खी बोट "अरेरे" म्हणाली, आणि बाई म्हणाल्या, अहो म्हणून तर आमची संस्था आहे.

मग नदीची गोष्ट. ही नदी आधी मिशिगन लेकमध्ये, म्हणजे शहराला लागून असलेल्या मोठ्या तलावात जायची, शहराची सगळी घाण नदीत, नदी लेकमध्ये, आणि प्यायचं पाणी त्याच लेकमधून. तर ह्या लोकांनी काय केलं, २८ मैलांचा कालवा खणला आणि १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला, आता लेकचं पाणी नदीत येतं आणि नदी पलीकडे मिसिसिपीच्या दिशेने जाते. आईला सांगितलं तर ती म्हणते, "न्हंयच घुंवडायली?", म्हणजे नदीच फिरवली?, आणि मग पुढची पाच मिनिटं तिचं एकच, की ती घाण मग खालच्या गावांना गेली असणार. बरोबर पकडलं तिने! खालच्या सेंट लुईसवाल्यांनी तेव्हा नेमकं ह्याच मुद्द्यावर कोर्टात धाव घेतली होती. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटकाशी आपलं भांडण वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळतं, त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही.

एका ठिकाणी, क्लार्क स्ट्रीट आणि लासाल स्ट्रीटच्या मधे, बाईंचा आवाज जरा खाली आला. १९१५ च्या जुलैमध्ये ईस्टलँड नावाची बोट धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली, एका कंपनीच्या कामगारांची सहल होती, बायकापोरांसकट निघालेले, ८४४ माणसं गेली. नदी तिथे आपल्या मांडवीच्या मानाने ओहोळच म्हणा, किनारा हाताच्या अंतरावर. बोट आधीपासूनच वरून जड होती, त्यात टायटॅनिकनंतर कायदा आला म्हणून वर आणखी लाइफबोटी चढवल्या होत्या. म्हणजे जीव वाचवायला आणलेलं वजनच नडलं.

गमतीची गोष्टही आहे. पुलांची जमीन लोखंडी जाळीची आहे, खालून वर बघितलं तर गाड्यांची चाकं दिसतात. २००४ मध्ये किंझी स्ट्रीटच्या पुलावरून एका प्रसिद्ध रॉक बँडच्या बसने संडासाची टाकी जाळीतून खाली रिकामी केली आणि नेमकी खालून आर्किटेक्चर टूरची बोट चालली होती. हे खरं आहे, केस झाली, दंड झाला. आमच्या बाईंनी हे सांगितलं नाही, ताईच्या नवऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे किंझीच्या पुलाखाली भावजी आणि मी दोघं उगाच वर बघत होतो.

बिल्डिंगांत मला आवडल्या त्या अशा. मरीना सिटी, दोन गोल टॉवर, लोक त्यांना मक्याची कणसं म्हणतात, ६५ मजले आणि त्यातले खालचे १९ नुसते पार्किंगचे, गाड्या काठाला तोंड बाहेर करून उभ्या, बघूनच धडकी भरते. ३३३ वेस्ट वॅकर, १९८३ ची, नदी जिथे वळते तिथे तिची हिरवी काचही तशीच वळलेली आणि त्यात समोरचं सगळं शहर दिसतं. मर्चंडाइज मार्ट, १९३० मध्ये झाली तेव्हा जगातली सगळ्यात जास्त जागेची बिल्डिंग, ४० लाख चौरस फूट, २००८ पर्यंत तिचा स्वतःचा पिनकोड होता, विचार करा, आपल्या अख्ख्या गावाला मिळून एक असतो. आणि १५० नॉर्थ रिव्हरसाइड, हिच्या बाजूला रेल्वेचे रूळ आहेत म्हणून पायाला जागाच नव्हती, तर खाली बारीक आणि वर रुंद बांधलीय, ५४ मजले, बोटीतून बघताना आपोआप आपण दुसऱ्या बाजूला झुकतो.

आणि एक माणूस. सिअर्स टॉवर, ज्याला आता विलिस टॉवर म्हणतात, ११० मजले, १४५१ फूट, १९९८ पर्यंत जगात सगळ्यात उंच, त्याचं इंजिनियरिंग केलं फजलूर रहमान खान यांनी. जन्म ढाक्याचा, १९२९ चा. बिल्डिंग एवढी उंच न्यायची तर वाऱ्यासमोर ती टिकणार कशी, तर त्यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्यासारखी रचना केली, काही नळ्या मधेच थांबतात आणि दोनच शेवटपर्यंत वर जातात, म्हणून ती बिल्डिंग पायऱ्यापायऱ्यांची दिसते. हे कळल्यावर मग ती काळी बिल्डिंग मला आवडायला लागली, त्याआधी नुसतीच काळी वाटायची.

आता मनातली मळमळ, रिव्ह्यूच्या बाहेरची आहे पण काढतोच. पणजीला सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळच्या बोटी सुटतात, सगळ्यांना माहीत आहेत, पाहुणे आले की आपणच नेतो. नदी केवढी, आजूबाजूला काय काय, जुनं सचिवालय म्हणजे आदिलशहाचा वाडा, पलीकडे रेइश मागूशचा किल्ला, रायबंदरचा सतराव्या शतकातला दगडी कॉजवे, बाजूलाच अटल सेतू आणि तिथेच १९८६ मध्ये कोसळलेला जुना पूल. आणि आपल्या बोटीवर काय ऐकू येतं? "ओन्ली कपल्स ऑन द फ्लोअर!" नाच असू दे ना, देखणी, फुगडी हे आपले लोकनाच बघायला मलाही बरं वाटतं, पण तासाभरात दहा मिनिटं कोणी नदीबद्दल बोललं तर काय मांडवी आटणार आहे? पणजीत इतिहासाचे रिटायर्ड मास्तर काय कमी आहेत? एकेकाला माईक द्या, रात्री खाली उतरायचं नाव घेणार नाहीत.

असो. बोटीच्या प्रॅक्टिकल गोष्टी. जागा ठरलेल्या नसतात, आधी येईल तो बसेल, म्हणून अर्धा तास आधी जाऊन लाइनीत राहा. वरचा डेक उघडा, तिथेच बसायचं, खाली एसी केबिन आणि बार आहे, बाथरूम आहे, वयस्क माणसांना उन्हाचा त्रास झाला तर खाली नेता येतं, पण खालून वरच्या बिल्डिंगा कशा दिसणार. डावी बाजू चांगली की उजवी यावर भांडू नका, बोट बरीचशी त्याच वाटेने परत येते, दोन्ही बाजू दिसतात. टोपी घ्या आणि जूनमध्येसुद्धा एक पातळ स्वेटर घ्या, हे हसण्यावारी नेऊ नका, लेकच्या बाजूला बोट वळली की वारा असा येतो की आपल्या डिसेंबरातल्या पहाटेची आठवण नको, त्याच्या पुढचं काहीतरी. वेळ निवडता आली तर दुपार उलटल्यावरची घ्या, ऊन तिरपं पडतं, काचा चमकतात, फोटो चांगले येतात.

बोटीचा धक्का मिशिगन अव्हेन्यू आणि वॅकर ड्राइव्हच्या कोपऱ्यावर, पुलापासून पायऱ्या उतरून रिव्हरवॉकवर. इथे एक घोळ होतो. वॅकर ड्राइव्ह हा रस्ता मजल्यांचा आहे, वर एक, खाली एक, काही ठिकाणी त्याच्याही खाली, आणि खालच्या मजल्यावर मोबाइलचं जीपीएस वेडंपिसं होतं. आमच्या टॅक्सीवाल्याने आम्हाला खालच्या वॅकरवर सोडलं, अंधार, ट्रक, खांब, वर जायचा जिना कुठे ते कळेना, आई म्हणाली हेच का ते शिकागो. तेव्हा टॅक्सी केलीत तर 'अपर वॅकर' असं स्पष्ट सांगा. त्याहून बरं म्हणजे चालत या. ताई नेपरव्हिलला राहते, तिथून मेट्राची ट्रेन युनियन स्टेशनला येते, बाहेर पडलं की नदीच, काठाकाठाने चालत या, अर्ध्या तासाच्या आत धक्क्यावर.

अशाच टूर बाकीच्या कंपन्याही करतात, वेंडेला तर १९३५ पासून आहे. आणि ते सिटी पास मिळतात ना, चार-पाच ठिकाणं एकत्र, त्यात बोट असली तरी ती कुठली बोट आहे ते नीट वाचा, 'आर्किटेक्चर' शब्द सगळ्यांच्या पाटीवर असतो. पासचा हिशेब सोपा आहे, त्यातल्या किती ठिकाणी तुम्ही पैसे देऊन एरवीही गेला असता तेवढी मोजा. आमच्या हिशेबात पास बसला नाही, कारण मत्स्यालय, म्युझियम, टॉवर असं एका दमात आईला ओढत नेणं शक्य नव्हतं. लहान मुलं असतील तर गणित वेगळं होऊ शकतं.

बोट धक्क्याला लागली की समोरच सेंटरची इमारत आहे, तिथे अख्ख्या शहराचं मॉडेल ठेवलंय, चार हजारांहून जास्त छोट्या छोट्या बिल्डिंगा. बोटीनंतर बघा, आधी नको.

आता फुकटातलं. मिलेनियम पार्क, तिथे तो बीन, खरं नाव क्लाउड गेट, अनिश कपूरांचा, मुंबईत जन्मलेले, ११० टनांचा आहे आणि १६८ पत्रे जोडून केलाय पण एक सांधा दिसत नाही. दुपारी तिथे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराइतकी गर्दी असते, सकाळी लवकर जा. रस्ता ओलांडला की कल्चरल सेंटर, १८९७ ची जुनी पब्लिक लायब्ररी, आत टिफनी काचेचा ३८ फुटांचा घुमट आहे, पैसे लागत नाहीत, बसायला जागा आहे, स्वच्छ टॉयलेट आहे, आणि तरीही माणसं बीनसमोर सेल्फी काढून निघून जातात, याचं मला नवल वाटतं. लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय फुकट, १८६८ पासूनचं. नेव्ही पिअरला आत जायला पैसे नाहीत, पण तिथे खायला-प्यायला आणि पाळण्यात बसायला आहेत, आपल्या जत्रेतल्या फेरीची अमेरिकन आवृत्ती, संध्याकाळी एक चक्कर मारा आणि पुढे व्हा. त्याशिवाय 'शिकागो ग्रीटर' म्हणून सोय आहे, स्थानिक व्हॉलंटियर तुम्हाला एखाद्या भागात पायी फिरवतो, फुकट, फक्त बरेच दिवस आधी बुक करावं लागतं.

लेक हे प्रकरण वेगळं. आपण समुद्राकाठची माणसं, त्यामुळे पहिल्यांदा बघितलं की डोळ्यांना समुद्रच वाटतो, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा, वाळू, बीचवर छत्र्या, पण नाकाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, खारा वासच नाही, भरती-ओहोटी नाही, सुक्या मासळीचा तर प्रश्नच नाही. आईने ओंजळीत पाणी घेऊन चाटून बघितलं, गोडं निघालं. जवळजवळ पाचशे किलोमीटर लांब आहे हा तलाव, आपला गोव्याचा सगळा किनारा शंभरेक किलोमीटरचा, म्हणजे बघा. काठाने १८ मैलांचा चालायचा आणि सायकलचा रस्ता केलाय आणि कुठेही एकाही हॉटेलवाल्याने पलंग टाकून तो अडवलेला नाही. यावर जास्त बोलत नाही.

पैसे देऊन बघण्यासारखं दुसरं म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूट, दारात दोन ब्राँझचे सिंह आहेत ते. तिकीट तीस डॉलरच्या घरात, इलिनॉय राज्याच्या, म्हणजे तिथल्याच रहिवाशांना काही दिवस फुकट असतं, आपल्याला नाही, ताई त्यावरून मला चिडवत होती. आत नुसती पेंटिंगं, पण आमच्या घरी तिथे जायचं कारण वेगळं होतं. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंदांचं ते भाषण ह्याच इमारतीत झालं. ज्या हॉलमध्ये झालं तो तात्पुरता उभारलेला होता, तो आता नाही, पण बाहेरच्या रस्त्यावर 'स्वामी विवेकानंद वे' अशी तपकिरी पाटी आहे. आणि गोवेकराने ही पाटी बघायची ती का, तर त्याच्या आदल्याच वर्षी, १८९२ मध्ये, स्वामी मडगावात येऊन राहिले होते, सुब्राय नायकांच्या घरी, ज्याला आपण दामोदर साल म्हणतो, आणि राशोलच्या सेमिनारीत जाऊन त्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथांचा अभ्यास केला होता. मडगावहून थेट शिकागोला नव्हे, मधे कन्याकुमारी वगैरे सगळं आहे, पण राशोल करून मग सर्वधर्म परिषद हा क्रम मला फार आवडतो. आईने पाटीखाली फोटो काढून मडगावच्या मामीला पाठवला, मामीचं उत्तर, "आमच्या हांगाच्यान गेल्लो न्हय तो!", म्हणजे आमच्या इथूनच गेलेला ना तो!

तिथून ॲडम्स स्ट्रीटने पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटं चालत या, विलिस टॉवरपाशी जॅक्सन आणि फ्रँकलिनच्या कोपऱ्यावर दुसरी पाटी आहे, 'फजलूर आर. खान वे'. दोन्ही पाट्या एका फेरीत होतात, फुकट. कुठल्या गाइडबुकात ही फेरी बघितली नाही, म्हणून लिहितोय.

तिथेच वर जायचं का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. १०३ व्या मजल्यावर स्कायडेक आहे, १३५३ फुटांवर, काचेच्या पेट्या बाहेर काढल्यात त्यात उभं राहायचं. तीस डॉलरच्या वर तिकीट, वर जायला लाइन, आणि काचेच्या पेटीत तुमच्या वाट्याला काही सेकंद, की पुढचे लोक घसा खाकरायला लागतात. मला विचाराल तर सोडा. फारच हौस असेल तर जुनी हॅनकॉक बिल्डिंग बघा, तिचं इंजिनियरिंगही खानांचंच, ९४ व्या मजल्यावरून लेक आणि शहर दोन्ही एकदम दिसतं. पण कुठलीही चढा, बोटीनंतर चढा, म्हणजे खाली बघितल्यावर ओळखीचं काहीतरी दिसेल.

फिरायला गाडी घेऊ नका, पार्किंगच्या पैशात दोघांची जेवणं होतात. एल नावाची ट्रेन आहे, रस्त्याच्या वर लोखंडी खांबांवरून धावते, मधला चौकोनी भाग १८९७ चा, तिच्यावरूनच त्या भागाला लूप म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा एका फेरीला अडीच डॉलर, ओहेअर एअरपोर्टवरून चढलात तर पाच, एक दिवसाचा पासही मिळतो, आणि आपलं टॅप करायचं कार्ड मशीनला लावलं तरी चालतं, फक्त बँकेत इंटरनॅशनल व्यवहार चालू करून घ्या. मोपाहून निघून मधे विमान बदलून थकूनभागून उतरलात तरी ब्लू लाइन रात्रभर चालू असते, पाऊण तासात शहरात. ब्राउन लाइनमध्ये खिडकीपाशी बसा, बिल्डिंगांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या समोरून जाते, लोक ऑफिसात डबा खाताना दिसतात. आवाज मात्र भयंकर, वळणावर चाकं अशी किंचाळतात की आई दर वेळी कानावर हात ठेवायची. उन्हाळ्यात नदीत वॉटर टॅक्सीही असते, टूरपेक्षा खूपच स्वस्त, माहिती कोणी सांगत नाही पण फेरीबोटीची सवय असलेल्या माणसाला बरं वाटतं. फक्त आपल्या फेरीबोटीत चालत चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत, इथे पडतात.

खाणं. डीप डिश पिझ्झा एकदा खा, १९४३ पासूनचा प्रकार आहे, कडा उंच, आधी चीज मग वरून टोमॅटो, भाजायला पाऊण तास लागतो म्हणून भूक लागायच्या आधी ऑर्डर द्या. एका तुकड्यात माणूस गार. आम्ही जिथे गेलो तिथे वेटरने चौघांना दोन मोठे घ्यायला लावले आणि दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा आम्ही तोच खात होतो. तिथली माणसं स्वतः रोजच्याला पातळ पिझ्झा खातात, चौकोनी तुकडे केलेला, मला तोच जास्त आवडला. हॉट डॉगवर केचप मागू नका, मोहरीची चटणी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी, मिरची एवढं सगळं घालतात पण केचप म्हटलं की चेहरा बदलतो. सोमवारी आई शिवराक, म्हणजे शाकाहारी असते, तेव्हा डेव्हन अव्हेन्यू गाठलं, शहराच्या उत्तरेला आहे, रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग नाव दिलंय, पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये तिथेच सुरू झालं. डोसा, चाट, मिठाई, साड्या, सोनं, सगळं. एका दुकानात खवलेला फ्रोझन नारळ आणि फ्रोझन बांगडे दोन्ही एका फ्रीजमध्ये दिसले आणि आईचा सोमवार तिथेच डळमळला, पण मंगळवारपर्यंत थांबली. हुमण, म्हणजे माशाची आमटी, चांगलं झालं, बांगडा मात्र बांगड्यासारखा नव्हता.

बुकिंगचं तेवढं सांगतो. बोटी साधारण वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत चालतात, थंडीत बंद, त्यामुळे नाताळात मुलांकडे जाणार असाल तर ही टूर विसरा आणि कल्चरल सेंटर आणि आर्ट इन्स्टिट्यूटवर भागवा. शनिवार-रविवारची तिकिटं आधी संपतात, आठवड्यातल्या मधल्या दिवसाची घ्या. १७ मार्चच्या आसपास असाल तर सेंट पॅट्रिक डेच्या शनिवारी नदी हिरवी रंगवतात, १९६२ पासून, ती काठावरूनच बघा, त्या दिवशी बोटीचं तिकीट शोधत बसू नका.